लिनक्सवर डायल-अप लागत नाही? घोडं कुठे अडलंय ते असं शोधा

डायल-अप, म्हणजे मॉडेमने फोन लावून जोडलेलं इंटरनेट, लागलं नाही की बरेच जण आधी पासवर्ड पुन्हा टाकून बघतात, मग नंबर बदलतात, मग सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकतात. तासाभरात चार गोष्टी बदललेल्या असतात आणि मूळ दोष काय होता हे शोधायची सोयच राहत नाही. लिनक्सवर असं चाचपडायची गरज नाही. प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते लिनक्स लिहून ठेवतं, आणि मॉडेम तर चक्क आवाज करून सांगतो.

टप्पे ठरलेले आहेत. संगणक मॉडेमशी बोलतो. मॉडेम फोनची लाईन उचलतो. पलीकडचा मॉडेम उत्तर देतो आणि दोघांचं वेगावर एकमत होतं. त्या दुव्यावर पीपीपी (फोनच्या दुव्यावरून इंटरनेटची पाकिटं नेणारी पद्धत) उभं राहतं, नाव-पासवर्ड तपासला जातो, पत्ता मिळतो आणि मग कुठे वेबसाइट उघडते. माझा आग्रह एवढाच आहे की आधीचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते याच वाटेने. अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद केली. तरीही मॉडेमचं काम संपलेलं नाही. मुख्य इंटरनेट कोसळल्यावर दूरच्या सर्व्हरच्या कन्सोलपर्यंत पोचायला तो अजून वापरला जातो. मीही एका लांबच्या गोदामातलं लिनक्स मशीन तांब्याच्या फोनलाईनवरूनच गाठतो. तुम्ही सेवा कंपनीला डायल करा किंवा स्वतःच्याच दुसऱ्या मशीनला, तपासण्याची रीत तीच राहते.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. आज्ञा आणि फाइलींची नावं मी देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि इथे शब्दांमध्ये जागा दिसते तिथेच जागा सोडायची.

आधी हे जवळ ठेवा

- मॉडेम. शक्यतो बाहेरचा, स्वतःचा अडॅप्टर आणि पुढे दिवे असलेला.
- सरळ सिरियल केबल. स्विच किंवा राउटरच्या कन्सोलसाठी वापरतात ती नल-मॉडेम केबल इथे चालत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, म्हणून केबलवर चिठ्ठी लावून ठेवा.
- संगणकाला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर.
- साधा, वायरचा फोन. लाईन कानाने तपासायला याच्याइतकं चांगलं साधन नाही.
- पीपीपी, मिनिकॉम (मॉडेमशी हाताने बोलायला), सेटसिरियल (सिरियल पोर्ट तपासायला) आणि डब्ल्यूव्हीडायल (डायल करून पीपीपी सुरू करायला) ही पॅकेजं. नेट चालू असेल तेव्हाच, म्हणजे दुसऱ्या जोडणीवरून, उतरवून घ्या. तुमच्या वितरणात डब्ल्यूव्हीडायल मिळत नसेल तर अडत नाही. पीपीपीडी (पीपीपी चालवणारा कार्यक्रम) आणि त्याच्याच पॅकेजमध्ये येणारं, मॉडेमला आज्ञा देणारं चॅट, या दोघांवर सगळं काम होतं.
- एका कागदावर: डायल करायचा नंबर, युजरनेम (पुढे ॲट-चिन्ह आणि डोमेन लावायचं की नाही यासकट), पासवर्ड, पॅप की चॅप (पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती), आणि दिले असतील तर डीएनएसचे, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे पत्ते.

१. मॉडेम पूर्ण आहे की अर्धा?

सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर वाया जातो, म्हणून तो आधी मिटवा. जुन्या लॅपटॉपमधले आणि स्वस्त पीसीआय कार्डांवरचे बरेच मॉडेम ‘विनमॉडेम’ जातीचे असतात. सिग्नल तयार करणारा प्रोसेसर त्यांच्यात नसतोच. ते काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतं. लिनक्सवर असा मॉडेम मुका राहतो. एलएसपीसीआय ही आज्ञा दिली तर चिपचं नाव दिसेल. कोनेक्झंटचा एचएसएफ, लुसेंट किंवा एजिअर, स्मार्टलिंक, इंटेल ५३६ किंवा ५३७ यांपैकी काही दिसलं तर मॉडेम सॉफ्टवेअरवर चालणारा आहे असं समजा.

यांच्यासाठी लिनक्स ड्रायव्हर होते, पण ते जुन्या कर्नलसाठी लिहिलेले. कोनेक्झंटच्या ड्रायव्हरची फुकट आवृत्ती तर १४.४ केबीपीएसच्या पुढे जाऊच देत नसे. नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सिरियल केबलचा जुना बाहेरचा मॉडेम मिळवा. यूएसबीचाच हवा असेल तर स्वतःचा कंट्रोलर असलेला घ्या. तो जोडल्यावर डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवायएसीएम० नावाची फाइल आपोआप उगवते. ती उगवली की हा टप्पा पार झाला.

२. पोर्ट कुठला आणि तो उघडायचा हक्क आहे का?

सिरियल मॉडेमसाठी विंडोजमधला कॉम१ म्हणजे लिनक्समध्ये टीटीवायएस०, आणि कॉम२ म्हणजे टीटीवायएस१ (एस मोठ्या लिपीतला). यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर असेल तर टीटीवाययूएसबी०. कर्नलला काय सापडलं ते डीमेसग (डी-एम-ई-एस-जी) सांगतं. जुन्या मशीनवर सेटसिरियलने यूएआरटी, म्हणजे पोर्ट चालवणारी चिप, तीही बघून घ्या. १६५५०ए असेल तर उत्तम, कारण त्यात १६ बाइटांचा बफर असतो. ८२५० किंवा १६४५० असेल तर जास्त वेगाला बाइट गळतात आणि दोष उगाच लाईनवर जातो.

‘परमिशन डिनाइड’ आलं तर लगेच रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन काम उरकू नका. डेबियन आणि उबुंटूवर पोर्ट ‘डायलआउट’ या गटाच्या मालकीचा असतो, आर्चवर ‘यूयूसीपी’च्या. स्वतःला त्या गटात घाला. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, कारण चालू सत्रात नवा गट लागू होत नाही. ‘मी तर गटात आहे, तरी होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा एवढंच असतं.

पोर्ट ‘बिझी’ किंवा ‘लॉक्ड’ म्हणत असेल तर दोन शक्यता. आधीचा कार्यक्रम मध्येच पडला असेल तर लॉक फोल्डरमध्ये एलसीके ने सुरू होणारी फाइल मागे राहते. तो पोर्ट वापरणारं खरोखर कुणी नाही याची खात्री करून ती पुसा. दुसरी शक्यता मॉडेममॅनेजरची. ही सेवा जोडलेल्या पोर्टांवर स्वतःहून चौकशीच्या आज्ञा पाठवते आणि तुमच्या डायलिंगमध्ये लुडबुड करते. तपासणी चालू असेपर्यंत ती सिस्टमसीटीएलने थांबवून ठेवा.

३. मॉडेमशी हाताने बोला

मिनिकॉम ‘वजा एस’ लावून उघडा. सिरियल पोर्टच्या मांडणीत योग्य पोर्ट, वेग ११५२००, ८एन१ (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल (केबलमधल्या आरटीएस-सीटीएस तारांवरून एकमेकांना ‘थांब’ सांगायची सोय) ‘यस’ करा. इथे एक गोंधळ हमखास होतो. मॉडेम ५६के आहे म्हणून लोक वेगही ५६००० देऊ बघतात. ११५२०० हा संगणक ते मॉडेम या केबलवरचा वेग आहे. फोनच्या तारेवरचा वेग वेगळा आणि तो मॉडेम स्वतः ठरवतो. मॉडेम डेटा दाबून पाठवत असल्यामुळे केबलवरचा वेग नेहमी जास्तच ठेवायचा.

आता ‘एटी’ टाइप करून एंटर मारा. ‘ओके’ आलं पाहिजे. आलं नाही तर:

- अक्षरंसुद्धा उमटत नाहीत: पोर्ट चुकला, केबल चुकली किंवा मॉडेमला वीज नाही. फ्लो कंट्रोल क्षणभर बंद करून बघा. तेवढ्याने ‘ओके’ आलं तर केबलमध्ये आरटीएस-सीटीएसच्या तारा नाहीत. ती केबल बदलाच.
- ‘ओके’ऐवजी नुसतं शून्य येतं: मॉडेम आकड्यांत उत्तर देतोय. ‘एटीव्ही१’ द्या.
- मॉडेम गप्प, पण दिवे लुकलुकतात: आधीच्या कुणीतरी त्याला गप्प केलंय. काही दिसत नसलं तरी ‘एटीक्यू०व्ही१ई१’ टाइप करा.
- तरीही वेडंवाकडं वागतोय: ‘एटी&एफ’ने कारखान्यातली मूळ मांडणी परत येते.

‘ओके’ आल्यावर ‘एटीआय३’ वगैरे देऊन मॉडेमची जात आणि आवृत्ती कागदावर टिपून ठेवा. पुढे लागणाऱ्या काही आज्ञा जातीनुसार बदलतात. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू करायला रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपवर ‘&के३’ लागतं, यूएस रोबोटिक्सवर ‘&एच१’.

४. लाईन कानाने तपासा

मॉडेमच्या मागे दोन सॉकेट असतात, एक ‘लाईन’, एक ‘फोन’. भिंतीतली तार ‘लाईन’मध्येच जायला हवी. घाईत ती ‘फोन’मध्ये घातली जाते आणि मग सगळं बरोबर असूनही डायल टोन मिळत नाही.

आता मॉडेम बाजूला काढून साधा फोन जोडा. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा, म्हणजे टोन थांबेल आणि काही सेकंद शांतता मिळेल. तेवढ्या वेळात कान देऊन ऐका. खरखर, गुणगुण, कुणाचं अस्पष्ट बोलणं ऐकू आलं तर दोष तारेत आहे आणि संगणकावर कितीही डोकं आपटलं तरी जाणार नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा त्रास पावसाळ्यात उफाळतो. खांबावरच्या पेटीत ओल शिरते, जोड हिरवे पडतात, आणि बोलणं नीट ऐकू येणाऱ्या लाईनवरही मॉडेम टिकत नाही. घरातले जोड स्वतः साफ करा, समांतर जोडलेले फोन काढा. त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर मॉडेमच्या आधी फिल्टर लावा. बाहेरच्या दोषाची तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ म्हणू नका, ‘फोनवर खरखर आहे’ म्हणा. लाईनमन त्यासाठी येतो.

फोन फायबरवरून येत असेल तर आवाज आयपीवरून जातो. तो दाबून पाठवला जात असेल, तर मॉडेमचा सिग्नल त्यात टिकत नाही. न दाबणारं जी.७११ कोडेक असेल तर कमी वेगाला जमू शकतं. अशा वेळी ‘एटी+एमएस=व्ही३२बी’ किंवा ‘व्ही३४’ देऊन मॉडेमला मुद्दाम हळू करा. ही आज्ञाही जातीनुसार बदलते, मॉडेमचं पुस्तक बघा.

विजा चमकत असतील तर विजेचा प्लग काढून भागत नाही, फोनची तारही काढा. मॉडेम बहुतेक वेळा फोनच्या तारेतूनच जळतात.

५. डायल करा आणि ऐका

मिनिकॉममध्येच ‘एटीएम१’ देऊन स्पीकर चालू करा आणि ‘एटीडीटी’पुढे नंबर लिहून डायल करा. डब्ल्यूव्हीडायलला अजून मध्ये आणू नका.

‘नो डायलटोन’ आलं आणि हातातल्या फोनवर मात्र टोन नीट येत असेल, तर कारण टोनच्या घडणीत आहे. अमेरिकेत डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होतो, भारतातला ४०० हर्ट्झचा असतो. तिकडच्या बाजारासाठी बनलेला मॉडेम आपला टोन कधीकधी ओळखतच नाही. ‘एटीएक्स३’ द्या, म्हणजे तो टोनची वाट न बघता डायल करेल. ऑफिसच्या इंटरकॉममागून बाहेर जायला शून्य लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम टाका. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा. खूप जुन्या एक्स्चेंजवर किंवा इंटरकॉमवर टोन चालत नसेल तर ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’.

आता आवाज. आकडे दाबल्याचे सूर, मग रिंग, मग पलीकडून एक उंच, सलग सूर येतो. तो २१०० हर्ट्झचा उत्तराचा सूर. नीट ऐकलं तर त्यात साधारण अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने बारीक टिचकी ऐकू येते. मधल्या यंत्रणेचं प्रतिध्वनी दाबणारं काम ती बंद करते. त्यानंतर दोन्ही बाजूंची किरकिर, फसफस, आणि एकदम शांतता. पडद्यावर ‘कनेक्ट’, मॉडेमवर सीडीचा (पलीकडचा सिग्नल मिळाल्याचा) दिवा. हा क्रम दोन-तीनदा ऐकला की कुठे तुटतंय ते कानालाच कळतं. उत्तराचा सूरच आला नाही तर नंबर चुकला किंवा पलीकडचा मॉडेम बंद आहे. माणसाचा आवाज आला तर माफी मागा आणि नंबर तपासा. फसफस लांबत जाऊन ‘नो कॅरिअर’ आलं तर लाईन खराब आहे किंवा दोघांचं वेगावर जमत नाही. वर सांगितल्याप्रमाणे वेग उतरवा. रिंग बराच वेळ चालून तुटत असेल तर ‘एटीएस७=९०’ देऊन वाट बघण्याची मुदत वाढवा.

५६केची अपेक्षा जरा आवरती घ्या. १९९८ सालच्या व्ही.९० मानकात ५६के फक्त उतरत्या दिशेला आहे आणि पलीकडची बाजू थेट डिजिटल लाईनवर असेल तरच. दोन साधे मॉडेम एकमेकांना जोडले तर ३३.६च्या वर कधीच जाणार नाहीत.

‘कनेक्ट’ झाल्यावर फोन लगेच ठेवू नका, काय उमटतं ते बघा. कंस, तरंगासारखी रेघ आणि अगम्य अक्षरं येऊन आदळली तर छान: पलीकडे पीपीपी सुरू झालंय. ‘लॉगिन’ असा शब्द आला तर आधी अक्षरांतून नाव-पासवर्ड द्यावा लागेल, म्हणजे चॅटची स्क्रिप्ट हवी. काहीच आलं नाही तर एकदा एंटर मारून बघा. पुढच्या टप्प्याची अर्धी उत्तरं इथेच मिळतात.

६. पीपीपीची नोंद वाचा

आता डब्ल्यूव्हीडायल. डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ चालवलं की ते मॉडेम शोधून ईटीसी फोल्डरात मांडणीची फाइल लिहितं. त्यात नंबर, युजरनेम, पासवर्ड भरा आणि ओळींच्या सुरुवातीचे अर्धविराम काढा. ते राहिले तर ती ओळ वाचलीच जात नाही. मघाशी अगम्य अक्षरं आली होती त्यांनी ‘स्टुपिड मोड = यस’ करा. मग कार्यक्रम ‘लॉगिन’ची वाट न बघता थेट पीपीपी सुरू करतो.

पीपीपीडीला ‘डीबग’ आणि ‘नोडिटॅच’ हे दोन पर्याय द्या. प्रत्येक पाठवलेलं आणि आलेलं पाकीट पडद्यावर दिसेल. फक्त पाठवल्याच्याच ओळी येत असतील तर पलीकडे पीपीपी नाही: एकतर तिथे लॉगिन अडकलंय किंवा बाइट वाटेत हरवतायत. आपलंच पाठवलेलं परत येत असेल, म्हणजे ‘लूप्ड बॅक’ लिहून आलं, तर पलीकडचा लॉगिनचा पडदा तुमची अक्षरं जशीच्या तशी परत पाठवतोय. ‘८-बिट क्लीन नाही’ आलं तर फ्लो कंट्रोल हार्डवेअरवर आहे का ते पुन्हा बघा.

पीपीपीडी बंद पडताना एक आकडा मागे ठेवतं. हे आकडे पाठ झाले तरी चालतील:

- ६ किंवा ७: पोर्टला कुलूप लावता आलं नाही किंवा तो उघडलाच नाही. टप्पा २ कडे परत जा.
- ८: डायल करणारी स्क्रिप्ट फसली. टप्पा ५.
- १०: दोन्ही बाजूंच्या वाटाघाटी फिसकटल्या. डेटा दाबणं बंद करणारे ‘नोसीसीपी’ आणि ‘नोव्हीजे’ हे पर्याय लावून बघा.
- १५: पलीकडून हालहवाल येईनाशी झाली.
- १६: मॉडेमने फोन ठेवला. लाईन तुटली किंवा पलीकडच्याने घालवून दिलं.
- १९: तुमचं नाव-पासवर्ड नाकारलं.

पासवर्डचा विचार १९ आल्यावरच करायचा. तेव्हाही पहिली शंका युजरनेमवर घ्या. डोमेनची शेपटी हवी असताना नसते किंवा नको असताना असते. पॅप आणि चॅपच्या सीक्रेट्स फाइलींत पासवर्डमध्ये विशेष चिन्हं असतील तर तो अवतरणचिन्हांत ठेवा, आणि फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी (६००) करा. ‘पलीकडच्या मशीनने स्वतःची ओळख पटवली पाहिजे’ अशा अर्थाची ओळ आली तर ‘नोऑथ’ पर्याय राहिलाय. सेवा कंपनी तुम्हाला ओळख देत नसते, तुम्ही तिला द्यायची असते.

७. जोडलं गेलं, पण पान उघडत नाही

‘आयपी ॲड्रेस शो’मध्ये पीपीपी० दिसतंय आणि त्याला पत्ता आहे ना? मग ८.८.८.८ला पिंग करा. उत्तर नाही आलं तर ‘आयपी राउट’ बघा. इथर्नेटची जुनी डीफॉल्ट वाट अजून तशीच असेल, तर पीपीपीडी तिला हात लावत नाही आणि तसं नोंदीत लिहितं. ती वाट काढा, ‘डीफॉल्टराउट’ पर्याय द्या आणि पुन्हा जोडा.

आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर दोष डीएनएसचा. ‘यूजपीअरडीएनएस’ लावा. मिळालेले पत्ते पीपीपीच्या फोल्डरातल्या रिझॉल्व्ह फाइलमध्ये दिसतात. ते मुख्य रिझॉल्व्ह फाइलपर्यंत पोचले नसतील तर तात्पुरते हाताने लिहा.

सगळं बरोबर असून पान येतच नसेल तर हिशेब करून बघा. ३३.६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ किलोबाइट, म्हणजे एका मेगाबाइटला सुमारे ४ मिनिटं. आजची पानं सहज काही मेगाबाइटांची असतात. त्यात पाठीमागे डेबियनचे किंवा उबुंटूचे अपडेट उतरत असतील तर लाईन तिथेच भरते. स्वयंचलित अपडेट बंद करा, चित्रं बंद करा किंवा लिंक्ससारखा अक्षरी ब्राउझर घ्या. ईमेल आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर अक्षरी लॉगिन) मात्र या वेगाला समाधानकारक चालतात.

८. मध्येच तुटतं, किंवा तोडल्यावरही तुटत नाही

ठरावीक मिनिटांनी तुटत असेल तर ती पलीकडची रिकामपणाची मुदत असते. कधीही तुटत असेल तर आधी कॉल वेटिंग बंद करून घ्या. त्याची एक टिकटिकसुद्धा मॉडेमला पुरते. ‘एटीएस१०=५०’ दिलं तर क्षणभर सिग्नल गेला तरी मॉडेम ५ सेकंद धीर धरतो. मूळ मुदत बहुधा १.४ सेकंदच असते.

काम झालं की पॉफ आज्ञेने किंवा डब्ल्यूव्हीडायलमध्ये कंट्रोल-सीने जोडणी सोडा आणि मॉडेमवरचा ओएचचा दिवा विझला का ते बघा. तो पेटलेला असेल तर फोन उचललेलाच आहे आणि कॉलचे पैसे चालू आहेत. ‘एटी&डी२’ मांडणीत घाला, म्हणजे संगणकाने पोर्ट सोडताच मॉडेम फोन ठेवतो. आता लगेच हवं असेल तर सेकंदभर थांबून तीन अधिकचिन्हं टाइप करा, एंटर न मारता परत सेकंदभर थांबा, ‘ओके’ आलं की ‘एटीएच’. तेही जमलं नाही तर भिंतीतली तार काढा आणि साध्या फोनवर डायल टोन आल्याची खात्री करा.